बालीचे पाणी

प्रवासी कंपन्यांच्या कॅलेंडरांवर एक चित्र हटकून असते. डोंगरउतारावर एकाखाली एक उतरत गेलेली भाताची खाचरे, साचलेल्या पाण्यात पडलेले आभाळ, बांधावर दोन-चार माड आणि टोपलीसारखी टोपी घातलेला एक शेतकरी. खाली लिहिलेले असते 'बाली'. असे चित्र हाती लागले तर ते वर्गात दाखवून मुलांना एकच प्रश्न विचारून पाहा. या खाचरांत पाणी आले कुठून? चित्रात नदी तर कुठेच दिसत नाही. ते पावसाचे म्हणावे, तर या उतारावर लावणी चालली आहे आणि पलीकडच्या उतारावर भात कापणीला आला आहे. पाऊस असा टेकडी-टेकडीला वेगवेगळे वेळापत्रक देत नाही.

बालीतील पर्यटनाचा इतिहास बहुधा नाच, देवळे आणि समुद्रकिनारे यांच्या अंगाने सांगितला जातो. माझा विषय भूजल असल्यामुळे मला तो पाण्याच्या अंगाने दिसतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेच्या निमित्ताने मी तिथे आठ दिवस होतो. तिथे जे पाहिले आणि नंतर जे वाचले, ते इथे मांडत आहे.

इंडोनेशियाचे हे बेट साधारण ५,७८० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडेसेच मोठे. मधोमध ज्वालामुखींची रांग आहे. त्यांच्या राखेने जमीन सुपीक केली. पण त्याच मऊ राखेत नद्यांनी खोल घळी पाडल्या. नदी खाली दरीत, शेत वर माथ्यावर. अशा नदीचे पाणी शेताला द्यायचे तर वरच्या अंगाला लांबवर बंधारा घालायचा आणि तिथून डोंगर पोखरून बोगद्याने पाणी खाली आणायचे, हाच उपाय. बालीतल्या लोकांनी तो फार पूर्वी शोधला. नवव्या-दहाव्या शतकांतील लेखांत बोगदे खणणाऱ्या कारागिरांचे उल्लेख आहेत आणि अकराव्या शतकापासून 'सुबक' या संस्थेचे.

एका पाटावर पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांचा संघ म्हणजे सुबक. त्याचा प्रमुख तो 'पकासेह'. पाटाची डागडुजी, पाण्याचे वाटे, लावणीची तारीख हे सारे सुबकाच्या बैठकीत ठरते. धुळे-नाशिक भागातील वाचकांना आपल्याकडची फड पद्धत आठवेल. पांझरा, मोसम या नद्यांवरचे बंधारे, पाणी देणारा पाटकरी आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घेण्याचा नियम. बालीत याला देवळांची जोड आहे. प्रत्येक बंधाऱ्यावर एक देऊळ, अनेक सुबकांचे मिळून एक मोठे देऊळ आणि सगळ्यांच्या वर, बातुर सरोवराच्या काठच्या डोंगरावर, सरोवराच्या देवीचे देऊळ. कोणत्या सुबकाने कधी लावणी करायची याचा मेळ या देवळांतून घातला जातो.

हा मेळ कशासाठी लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. भाताचे दोन शत्रू. एक पाण्याची टंचाई, दुसरा कीड. सगळ्यांनी एकाच दिवशी लावणी केली तर सगळ्यांना एकाच वेळी पाणी लागते आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून लावणी पुढेमागे केलेली बरी. पण प्रत्येकाने आपल्या सोयीने लावणी केली, तर किडीला आणि उंदरांना वर्षभर कुठे ना कुठे हिरवे शेत मिळत राहते. त्यांची उपासमार करायची तर मोठ्या पट्ट्यातली सगळी शेते एकाच वेळी रिकामी हवीत. म्हणजे पाणी म्हणते वेगवेगळे पेरा आणि कीड म्हणते एकत्र पेरा.

यात आणखी एक गंमत आहे. पाटाच्या डोक्याशी असलेल्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता नसते. मग त्याने खालच्याचे का ऐकावे? कारण त्याला किडीची चिंता असते. खालच्याला पुरेसे पाणी दिले नाही, तर खालचा आपल्या सोयीने लावणी करतो आणि त्याच्या शेतातली कीड वरच्याच्या शेतात चढते. खालच्याला पाणी हवे, वरच्याला किडीपासून सुटका हवी. या देवाणघेवाणीवर हजार वर्षांची व्यवस्था उभी होती. कॅलेंडरवरचे चित्र हा तिचा उपपदार्थ आहे.

आता पाहुण्यांकडे वळू. १९०६ मध्ये डच फौजा देनपासारवर चालून आल्या, तेव्हा राजा, त्याचे कुटुंब आणि दरबारी शुभ्र वस्त्रे नेसून बंदुकांना सामोरे गेले आणि शेकड्यांनी मेले. १९०८ मध्ये क्लुंगकुंगला हेच घडले. त्याच १९०८ साली डच सरकारचे पर्यटन कार्यालय बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, सुरू झाले. काही वर्षांतच त्याच्या पत्रकांत बालीची वर्णने झळकू लागली. संहारामुळे युरोपात झालेली नाचक्की धुऊन काढण्यासाठी 'आम्ही एका प्राचीन संस्कृतीचे जतन करत आहोत' ही भूमिका सोयीची होती. डच जहाज कंपनीने प्रवासी आणायला सुरुवात केली. १९२८ मध्ये देनपासारला बाली हॉटेल उभे राहिले, तेही १९०६ च्या त्या जागेजवळच. १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर येऊन गेले होते, १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन आला. जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस उबुदला राहत होता. आज प्रत्येक पर्यटकाला दाखवला जाणारा 'केचक' हा वानरसेनेचा नाच 'प्राचीन' म्हणून सांगतात. प्रत्यक्षात जुन्या विधीतल्या पुरुषांच्या समूहगानाला रामायणाची कथा जोडून तो १९३० च्या सुमारास बसवला गेला. त्यात श्पीसचाही हात होता.

तेव्हा पाहुणे वर्षाला काही हजारच येत. तरीही मेक्सिकन चित्रकार मिगेल कोव्हारुबियास याने १९३७ मधल्या आपल्या पुस्तकात काळजी व्यक्त केली होती, की पर्यटनाच्या रेट्याखाली ही संस्कृती टिकायची नाही. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक पिढीने 'खरी बाली दहा वर्षांपूर्वी होती' असे लिहून ठेवले आहे. या काळजीवाहूंना मी नावे ठेवत नाही. पण सगळ्यांची नजर नाचावर, मूर्तींवर आणि देवळांवर खिळली होती, एवढे ध्यानात ठेवा.

युद्ध आणि स्वातंत्र्यलढ्याच्या काळात पर्यटन थांबले. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे गेली. १९६५-६६ मध्ये साम्यवादी असल्याच्या आरोपावरून देशभर झालेल्या कत्तलीत बालीत मेलेल्यांचा अंदाज ८० हजारांच्या आसपास सांगितला जातो. कोणत्याही पर्यटनपत्रकात हा आकडा सापडणार नाही. त्याच १९६६ मध्ये सानुरच्या किनाऱ्यावर दहा मजली बाली बीच हॉटेल सुरू झाले. ते इतके डोळ्यांत खुपले, की पुढे इमारतींना माडाच्या उंचीची, म्हणजे १५ मीटरची मर्यादा घातली गेली.

१९६९ मध्ये जेट विमानांसाठी आंतरराष्ट्रीय विमानतळ खुला झाला. त्या वर्षी थेट आलेले परदेशी पाहुणे सुमारे ११ हजार होते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बालीवर बाहेरून दोन योजना आल्या. दोन्ही तज्ज्ञांनी आखलेल्या, दोन्ही सद्हेतूने केलेल्या, आणि दोन्ही एकमेकींची दखल न घेता.

पहिली पर्यटनाची. जागतिक बँकेच्या पाठबळाने एका फ्रेंच सल्लागार संस्थेने १९७१ मध्ये आराखडा दिला. त्यातली मुख्य कल्पना अशी, की पाहुण्यांना दक्षिण टोकाच्या नुसा दुआ येथे एकत्र ठेवावे आणि तिथून दिवसाच्या सहलींना बेटावर फिरवावे. जागा निवडण्याचे कारण वरवर शहाणपणाचे होते. चुनखडीचा रुक्ष भूभाग, तुरळक वस्ती, भातशेती नाही. तेव्हा संस्कृतीला धक्का नाही. त्याच साली देनपासारला भरलेल्या परिसंवादात कोणते नाच देवापुढेच व्हावेत आणि कोणते पाहुण्यांपुढे चालतील, याचे वर्गीकरण झाले. काम काळजीपूर्वक केलेले होते आणि त्याचा उपयोगही झाला. पण ज्या कारणाने नुसा दुआत भात पिकत नव्हता, त्याच कारणाने तिथे हजारो पाहुण्यांना पुरेल इतके पाणीही नव्हते. भेगाळ चुनखडीवर पडलेला पाऊस झिरपून समुद्राकडे जातो, वर नदी उरत नाही. हॉटेलांच्या नळांना, हिरवळींना आणि तलावांना लागणारे पाणी उत्तरेकडून, म्हणजे भातखाचरांच्या प्रदेशातून आणणे ओघाने आले.

दुसरी योजना शेतीची, हरितक्रांतीची. नवी सुधारित बियाणी, खते, कीटकनाशके आणि आदेश असा, की देवळाच्या पंचांगाची वाट न पाहता जमेल तितक्या वेळा लावणी करा. पहिली एक-दोन वर्षे उत्पन्न वाढले. मग पाण्याच्या पाळ्यांचा गोंधळ उडाला आणि कीड उसळली. आयआर-८ या वाणावर तपकिरी तुडतुडे आले. त्यांना दाद न देणारे आयआर-३६ आणले, तर त्यावर टुंग्रो हा विषाणूजन्य रोग आला. शेतकरी जुनी पद्धत परत द्या म्हणू लागले. अधिकाऱ्यांना ती देवभोळेपणाची वाटत होती.

इथे विज्ञानाच्या इतिहासातला एक सुरेख प्रसंग येतो. स्टीफन लान्सिंग हे मानवशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसंस्थांचे अभ्यासक यांनी ओस आणि पेतानु या दोन नद्यांवरील १७२ सुबकांचे संगणकीय प्रारूप तयार केले. त्यात पाऊस, नदीचा प्रवाह, पिकाची वाढ आणि किडीचा फैलाव घातला. सुरुवातीला प्रत्येक सुबकाला वाटेल ते वेळापत्रक दिले. नियम एकच. हंगामाच्या शेवटी शेजाऱ्यांकडे बघायचे आणि ज्याला जास्त पीक आले, त्याचे वेळापत्रक उचलायचे. देव नाही, पुजारी नाही. काही हंगामांतच सुबकांचे गट पडले, उत्पन्न वाढले आणि ते गट प्रत्यक्षातल्या देवळांच्या गटांशी बरेचसे जुळले. १९९३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९८८ मध्ये, पाटबंधारे प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आशियाई विकास बँकेने देवळांच्या व्यवस्थेचे महत्त्व मान्य केले होते. ज्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले, ते शतकानुशतकांच्या अनुकरणातून घडलेले जलव्यवस्थापन निघाले. (यावरून प्रत्येक रूढीमागे विज्ञान असते असा निष्कर्ष काढू नये. लान्सिंग-क्रेमर यांनी ते तपासले, म्हणून आपण ते बोलू शकतो.)

शेतीची चूक दुरुस्त झाली, ती दिसली म्हणून. भात जळाला, शेतकरी ओरडले, तपासणी झाली. पर्यटनाचे तसे झाले नाही. त्याचा परिणाम इंच-इंच होत गेला आणि प्रत्येक इंचाला कुणीतरी स्वखुशीने पैसे घेतले होते.

आराखड्यात ठरल्याप्रमाणे पाहुणे नुसा दुआत थांबलेच नाहीत. तिथले पहिले मोठे हॉटेल १९८३ मध्ये सुरू झाले. तोवर कुटा या कोळीवाड्यात लाटांवर फळी चालवणारी तरुण मंडळी घराघरांतून उतरू लागली होती. पैसा थेट घरात येत होता, हेही सांगितले पाहिजे. मुले शिकली, पक्की घरे झाली. मग कुटाच्या मागची खाचरे गेली, मग सेमिन्याक, केरोबोकान, अलीकडे चांगू. नव्वदच्या दशकाच्या मध्यास परदेशी पाहुण्यांची वार्षिक संख्या दहा लाखांवर गेली. १९९३-९४ मध्ये समुद्रातल्या प्रसिद्ध तनाह लोट मंदिरासमोर गोल्फ मैदान आणि हॉटेल आणण्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. वृत्तपत्रांत गाजला तो मंदिराच्या पावित्र्याचा मुद्दा. आपले पाट तोडून आपल्याला जमिनी विकायला भाग पाडले, ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार मागे पडली.

एक खाचर विकले गेले तर बिघडते कुठे, असे विचारता येईल. बिघडते ते असे. वरच्या खाचरातून निघालेले पाणी खालच्याला मिळते. एकच पाणी अनेकदा वापरले जाते. मधल्या दोन खाचरांवर बंगला आला, की ही साखळी तुटते किंवा पाण्याला वळसा घ्यावा लागतो. पाटाची लांबी तीच राहते, पण गाळ काढायला चाळीसांऐवजी पंचवीस माणसे उरतात. जमिनीचा कर बाजारभावावर ठरतो. शेजारी बंगले उभे राहिले की भाताच्या उत्पन्नातून तो भागेनासा होतो. मग पुढचा शेतकरी विकतो. सगळ्यांनी मिळून शेते रिकामी ठेवण्याचा नियमही सैल पडतो, कारण 'सगळे' उरलेलेच नसतात.

भूजलाचा हिशेब आणखी वाईट. भाताच्या एका हंगामाला हेक्टरी ढोबळमानाने दहा ते पंधरा हजार घनमीटर पाणी लागते, पण त्यातला बराच भाग जमिनीत मुरतो. म्हणजे खाचर पाणी वापरते आणि विहिरीही भरते. त्याच्या जागी फरशी आणि छप्पर आले, की भरणा कमी होतो आणि कूपनलिकेमुळे उपसा वाढतो. त्यात पाहुण्यांचा मोठा हंगाम जुलै-ऑगस्टचा, युरोप-ऑस्ट्रेलियाच्या सुट्ट्यांचा. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा ऋतू! सर्वांत जास्त मागणी नेमकी पाऊस नसताना येते. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा वाढला, की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. दक्षिण बालीतील अनेक विहिरींत ते सरकले आहे.

किनाऱ्यांची कथा थोडक्यात सांगतो. बांधकामाला चुना हवा म्हणून प्रवाळ खणले, धावपट्टी समुद्रात प्रवाळावर वाढवली. मग लाटांना अडवणारे काही उरले नाही आणि सानुर, कुटा येथील वाळू वाहून गेली. पुढे कर्ज काढून वाळू आणून टाकावी लागली.

भूगोलाच्या शिक्षकांना बटलर यांचे १९८० चे प्रारूप ठाऊक असेल. पर्यटनस्थळाची वाढ आधी मंद, मग वेगाने, मग कुंठित. बालीचा आलेख त्यात नीट बसत नाही. १२ ऑक्टोबर २००२ च्या बाँबस्फोटांत २०२ माणसे गेली, पाहुणे घटले, पुन्हा वाढले. २०१९ मध्ये ते ६२ लाखांहून अधिक झाले. करोनाच्या साथीत, २०२१ या सबंध वर्षात, ते जेमतेम पन्नासच्या आसपास होते. २०२४ मध्ये पुन्हा ६३ लाख, आणि त्यात ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल आपण भारतीय. बेटाची लोकसंख्या साधारण ४३ लाख. पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्या प्रारूपाच्या आलेखाला दोनच अक्ष आहेत, काळ आणि पाहुणे. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीला त्यात जागा नाही.

२०१२ मध्ये युनेस्कोने सुबकांच्या काही प्रदेशांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बातुरचे सरोवर आणि देऊळ त्यात आहेत, जातिलुविहची खाचरेही आहेत. मान्यता मिळताच जातिलुविहला गाड्या वाढल्या, उपाहारगृहे आली. साथीच्या काळात नोकरी गेलेले अनेक जण गावी परतून खाचरात उतरले. पाहुणे आले तसे बहुतेक पुन्हा गेले. तरुणांना चिखलात उभे राहायचे नाही. हे आपल्या कोकणात वेगळे आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये देनपासार आणि आसपास मोठा पूर आला. डझनाहून अधिक माणसे दगावली. पाऊस असाधारण होता, हे खरे. पण एक साधे गणित मुलांकडून करून घ्या. एका हेक्टर खाचराच्या बांधाने दहा सेंटीमीटर पाणी अडवले तर किती? एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. अशी शेकडो हेक्टर खाचरे बुजली असतील तर ते पाणी कुठे जाईल? पुरानंतर तिथल्या राज्यपालांनी भातजमिनीवर नव्या हॉटेलांना परवाने न देण्याचे जाहीर केले.

कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी एका स्थानिक सहकाऱ्याने मला देनपासारच्या एका गल्लीत नेले. दोन धुलाई केंद्रांच्या मध्ये कमरेएवढ्या भिंतीआड सुबकाचे छोटे देऊळ होते. दगडावर शेवाळ, पुढ्यात केळीच्या पानावर ताजी फुले आणि भात. शेजारून पाट वाहत होता, त्यावर साबणाचा फेस होता. या पाटावर किती शेते आहेत, असे मी विचारले. त्याने बोटाने पलीकडचे दाखवले. दोन बंगल्यांच्या मध्ये एक खाचर होते आणि त्यात लावणी झालेली होती. तांदूळ मात्र तो बाजारातूनच आणत असे.